जंगल दाखवणाऱ्याला त्याची मजुरी द्या

बेळगावात गेल्या काही वर्षांत रविवारच्या नेचर वॉकची पद्धत चांगली रुजलीय आणि मला मनापासून वाटतं की हे फार चांगलं झालं. व्हॉट्सॅपवर मेसेज येतो, सकाळी साडेसहाला अमुक ठिकाणी जमा, पाण्याची बाटली आणा, भडक कपडे नको, फी काही नाही, आणि खरंच पंधरा-वीस माणसं जमतात, डॉक्टर असतात, कॉलेजची पोरं असतात, रिटायर झालेले मास्तर असतात, एखादी आई आपल्या दोन पोरांना ओढत घेऊन येते. हे सगळं घडवून आणणारी मंडळी स्वतःची नोकरी सांभाळून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून करतात, त्यांना कुणी पगार देत नाही. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते त्यांच्या विरोधात नाही, त्यांच्याशीच बोलतोय असं समजा.

माझं म्हणणं एवढंच आहे की बेळगावच्या शेजारच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी-चोर्ल्याच्या पट्ट्यात किंवा हेम्माडगा-नागरगाळीच्या बाजूला जेव्हा अशी फेरी निघते तेव्हा तिच्या पुढं चालणारा माणूस त्या गावचा असला पाहिजे, आणि त्याला त्या सकाळचे पैसे मिळाले पाहिजेत. चहा आणि थँक्यू नाही, रोख पैसे. आणि ते कुणाच्या उपकारातून नाही, तर फेरीला येणाऱ्यांनी फी म्हणून भरलेले.

आधी शहराला या फेऱ्यांची गरज किती आहे ते सांगतो, म्हणजे गैरसमज नको. ऑगस्ट 2022 आठवा. बेळगावच्या गोल्फ कोर्सवर बिबट्या आला आणि सगळं शहर हादरलं, आसपासच्या बावीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याच्या सक्रेबैल कॅम्पमधून हत्ती आणले, ड्रोन उडवले, पिंजरे लावले, आणि बिबट्या काही हाताला लागला नाही. त्या दिवसांत फोनवर जे मेसेज फिरत होते ते ज्यांनी वाचलेत त्यांना कळेल की आपल्या शहराला आपल्या शेजारी कोण राहतं याची काहीच कल्पना नव्हती. बिबट्या सहसा माणसाच्या मागं लागत नाही, तो कुत्री-डुकरं बघून येतो आणि लपून राहतो, हे साधं सांगायला सुद्धा माणसं कमी पडत होती. खानापूरच्या जंगलाकडच्या म्हातारीला हे माहीत असतं. टिळकवाडीतल्या इंजिनियरला नसतं. म्हणून त्याला रविवारी घराबाहेर काढून शहरातल्याच व्हॅक्सिन डेपोच्या हिरव्या आवारात झाडाखाली उभं करणं, मान वर करून बघायला लावणं हे फार मोलाचं काम आहे आणि ते चालूच राहायला हवं.

पण डेपो वेगळा आणि जांबोटीच्या पुढचं जंगल वेगळं. डेपोत झाडाचं, पक्ष्याचं नाव सांगितलं की बरंचसं काम होतं. तिथं वर जंगलात माणसं राहतात, पिढ्यान्पिढ्या राहतात, आणि आपण त्यांच्या वाडीवरून, त्यांच्या गायरानातून, त्यांच्या देवराईच्या कडेनं दुर्बिणी लावून जातो, आणि बहुतेक वेळा त्यांच्याशी बोलणं एवढंच होतं की ओ मामा, गाडी इथं लावू का.

एक गोष्ट डोळ्यानं बघितलेली सांगतो. जांबोटीच्या पुढं अशीच एक फेरी होती, लीडर चांगला अभ्यासू मुलगा, त्यानं सुरवातीलाच सांगितलं की अजिबात बोलायचं नाही, पक्षी उडतात. सगळे गप चालत होते. वाट दाखवायला म्हणून गावातले एक काका बरोबर घेतले होते, पन्नाशीचे, पायात रबरी चप्पल, कमरेला आकडी आणि तीत कोयता. वाट एका ठिकाणी कारवीच्या दाटीत वळते, पुढचं काही दिसत नाही, तिथं पोचायच्या आधी काकांनी मोठ्यानं खोकायला सुरवात केली आणि हातातली काठी झाडाच्या बुंध्यावर खणखण आपटली. लीडरनं वळून बघितलं, त्याला ते आवडलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. काका म्हणाले, "इथं आवाज करायला पाहिजे ओ, अस्वलाचं ठिकाण हाय." वळणाच्या पलीकडं पंधरा-वीस पावलांवर एक वारूळ होतं, एका बाजूनं आत हात जाईल एवढं उकरलेलं, माती अजून ओली, आणि बाजूच्या झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे. काकांनी वाकून मातीला हात लावला आणि म्हणाले, रातचंच हाय. मग त्यांनी सांगितलं की अस्वल वाळवी खायला बसलं की तोंड त्या भोकात घालून ओढून घेतं, स्वतःचाच आवाज एवढा असतो की माणूस जवळ आला तरी त्याला कळत नाही, नजर पण कमजोर, आणि मग एकदम समोर माणूस दिसला की घाबरून अंगावर येतं. म्हणून गावातली माणसं अशा वळणावर बोलत बोलत जातात. फणसाच्या दिवसात तर जास्तच.

हे ऐकल्यावर सगळी फेरी त्या काकांच्या भोवती जमा झाली. पुढचा तासभर लोक त्यांनाच प्रश्न विचारत होते, आणि ते पण खुलले, ऐनाच्या झाडाच्या सालीपासून ते गवा कुठल्या पाणवठ्यावर कधी येतो इथपर्यंत सगळं सांगत गेले. परत आल्यावर ग्रुप फोटो झाला, काकांना चहा-बिस्किट दिलं, सगळ्यांनी हात जोडले आणि आपण गाड्यांत बसून निघालो. काकांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. भाताच्या मळणीचे दिवस होते, त्या दिवसांत कामाला बोलावणारे खूप असतात.

इथं मला जे खटकतं ते हे. आपण याला सेवा म्हणतो, फुकट फेरी, कुणाकडून पैसे घेत नाही याचा अभिमान बाळगतो. पण शहरातला लीडर रविवारी सुट्टी असते म्हणून येतो, सोमवारी त्याचा पगार चालूच असतो. गावातल्या माणसाला रविवार सोमवार सारखेच, गेला तर रोज, नाही गेला तर काही नाही. म्हणजे फेरी फुकट नसतेच, तिचा खर्च कुणीतरी भरत असतो आणि तो भरणारा माणूस त्या सगळ्या जमावात सगळ्यात कमी पैसे असलेला असतो. हे बरोबर नाही. येणारे लोक शंभर-दोनशे रुपये सहज देऊ शकतात, परत येताना ढाब्यावर त्याहून जास्त घालवतात. समजा पंधरा माणसं आली आणि प्रत्येकी दोनशे घेतले तर तीन हजार होतात. त्यातले हजार वाटाड्याला, गावातल्या बायकांच्या बचत गटानं न्याहारी केली तर हजार त्यांना, उरलेले गावच्या शाळेला किंवा देवळाला, जे गाव ठरवेल ते. विद्यार्थ्यांना फी माफ ठेवा. संघटनेला एक रुपया घ्यायची गरज नाही, त्यांचं स्वयंसेवी असणं तसंच राहील.

हे काही नवीन नाही हो. वेळासला झालंच की. मंडणगड तालुक्यातलं किनाऱ्यावरचं छोटं गाव, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून तिथं कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव भरायला लागला. लोक ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात, राहतात गावकऱ्यांच्या घरात, जेवतात त्यांच्याच हातचं, घरटी राखणारे पण गावातलेच. आधी जी अंडी लोक उकरून नेत होते ती आता तेच लोक राखतात. संस्था स्वयंसेवी आणि कमाई गावाची, दोन्ही एकत्र नांदतं. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठावर मंगलाजोडी गाव आहे, तिथले पक्ष्यांचे शिकारी नाव वल्हवत लोकांना तेच पक्षी दाखवायला लागले. कासच्या पठारावर पण तिकिटाचं काम आजूबाजूच्या गावांच्या वनसमित्या बघतात. मग खानापूरला काय कमी आहे?

खरं तर खानापूरला जे आहे ते फार थोड्या तालुक्यांना असेल. कणकुंबीला माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, सौंदत्तीच्या धरणात साठते, हुबळी-धारवाडची तहान भागवते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि तिथूनच थोड्या अंतरावर देगावच्या बाजूला म्हादई जन्मते ती उलटी पश्चिमेला, गोव्यात जाऊन मांडवी होते. एकाच पावसाचं पाणी, एका उताराला पडलं तर बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या उताराला पडलं तर अरबी समुद्राला. या पाण्यावरून तीन राज्यं भांडतायत, 2010 मध्ये लवाद नेमला, ऑगस्ट 2018 मध्ये निकाल आला, कुणाला किती टीएमसी ते ठरलं, तरी म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा वाद काही मिटलेला नाही. नेचर वॉकला आलेल्या माणसाला हा पाणलोट पायाखाली दाखवला पाहिजे असं मला वाटतं, आणि तो दाखवायला ज्याच्या शेतातून ओढा जातो त्याच्यासारखा माणूस नाही. कुठला झरा पूर्वी मे महिन्यापर्यंत चालायचा आणि आता कधी आटतो हे त्यालाच ठाऊक.

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात बारापेडेच्या गुहा आहेत, तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, 1913 साली त्याचं वर्णन झालं आणि पुढं कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचं माहीत असलेलं घर तेवढं एकच होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. चोर्ल्याच्या परिसरातून 2007 मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, तिच्या शास्त्रीय नावात म्हादई आहे. देवगांडूळ म्हणजे बिनपायाचा बेडकाचा भाऊबंद, ओल्या मातीत राहतो, दिसायला गांडुळासारखा किंवा छोट्या सापासारखा, आणि सापाचं पिल्लू समजून मारला पण जातो. आता विचार करा, ज्या गावाच्या नदीचं नाव एका प्राण्याला मिळालं त्या गावातल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलंय का? संशोधक आले, गेले, पेपर छापला गेला. फेरीचा फायदा दोन्हीकडून व्हायला हवा तो असा, काकांनी अस्वल सांगावं आणि लीडरनं देवगांडूळ सांगावं, म्हणजे खणताना निघालं तर ते परत मातीत जाईल.

आणि हे आत्ताच करायला पाहिजे, कारण ही माणसं जंगलातून निघत चाललीत. 2024 च्या पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातल्या आमगावच्या आजारी बाईला लाकडाचं स्ट्रेचर करून चिखलातून, ओढ्यातून कित्येक किलोमीटर खांद्यावर आणावं लागलं ते सगळ्यांनी बघितलं. रस्ता नाही, पूल नाही, लाईटचे हाल. त्यानंतर पुनर्वसनाची चर्चा वाढली आणि 2025 मध्ये तिथल्याच तळेवाडीच्या कुटुंबांना प्रत्येकी 15 लाखांचं पॅकेज देऊन बाहेर आणायला सुरवात झाली. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, आजारी माणसाला खांद्यावर नेत राहा असं शहरात बसून सांगायचा मला अधिकार नाही. पण एवढं दिसतंय की या वाड्या उठल्या की त्या भागाची पायाखालची माहिती असलेली शेवटची पिढी हायवेच्या कडेला येऊन बसणार, आणि तिची पोरं पुण्या-गोव्याला हॉटेलात नाहीतर कंपनीत जाणार. पॅकेजचे पैसे घरात नाहीतर लग्नात संपतात. त्यांच्याकडं जे कौशल्य आहे त्याला बाजारात किंमत द्यायची कुणी ठरवली तर ती आपल्यासारख्या फेऱ्या काढणाऱ्या संघटनाच ठरवू शकतात, कारण बाकी कुणाला ते कौशल्य आहे हेच माहीत नाही.

आता यावर जे आक्षेप घेतात ते मी ऐकलेत. एक म्हणजे पैसा आला की धंदा होतो. होऊ शकतो, नाही म्हणत नाही. जानेवारी 2024 मध्ये कर्नाटकातल्याच कुमार पर्वतावर ट्रेकर्सची झालेली गर्दी सगळ्यांनी व्हिडिओत बघितली, शेवटी सरकारला ऑनलाइन बुकिंग नसलेले ट्रेक थांबवावे लागले. चोर्ला घाटात पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी काय चालतं, धबधब्याखाली गाण्याचे स्पीकर आणि बाटल्यांच्या काचा, ते पण आपण बघतो. पण जरा लक्ष द्या, त्या गर्दीत गावाचा हात कुठंच नाही, तिथं ना वाटाड्या असतो ना हिशेब. ज्या वाटेवर गावचा माणूस पुढं आहे आणि पंधराच्या वर एक माणूस घ्यायचा नाही असं ठरलंय, ती वाट खराब व्हायची शक्यता कमी, कारण उद्या परत त्याच वाटेनं त्याला कमवायचंय. धनेश पक्ष्याचं घरटं बघा. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, महिनोन्‌महिने नर बाहेरून फळं आणून भरवतो, तो नर कुणी हुसकावला तर आतले सगळे उपाशी. घरट्याचं झाड कुठलं ते गावात माहीत असतं. आज त्या झाडाला लाकूड म्हणून किंमत आहे. लांबून, ठराविक अंतरावरून, फ्लॅश न मारता दाखवायचं असा कडक नियम घालून त्यातून हंगामात चार फेऱ्यांचे पैसे मिळाले तर ते झाड कुणी तोडू देणार नाही. अंतराचा नियम मात्र संघटनेनं घालायचा आणि फोटोवाल्यांना पाळायला लावायचा, ते वाटाड्यावर सोडायचं नाही, कारण मोठा कॅमेरा आणि पाचशेची नोट घेऊन आलेल्या माणसाला तो एकटा नाही म्हणू शकणार नाही.

दुसरा आक्षेप, गावच्या माणसाला शास्त्रीय माहिती नसते, अंधश्रद्धा सांगतो. सांगतो कधी कधी. म्हणून तर दोघं पाहिजेत. लीडरनं मागं राहून दुरुस्त करावं, पण सगळ्यांसमोर तोंडावर पाडून नको, चहाच्या वेळी शेजारी बसून सांगावं. काही काही तर शिकारीला जायचे म्हणून माहितगार आहेत हेही खरं आहे, मंगलाजोडीचे लोक पण तेच करायचे.

तिसरी गोष्ट भाषेची. बेळगावच्या बऱ्याच फेऱ्या इंग्रजीत चालतात, कारण एक जण मराठी, एक कन्नड, एक गोव्याचा, एक आर्मीतला उत्तरेकडचा, त्यामुळं सोयीचं पडतं. पण इंग्रजी सुरू झालं की काका गप होतात. खानापूरच्या जंगलभागातली माणसं मराठी बोलतात, आणि बऱ्याच जणांना कामापुरतं कन्नड येतं, म्हणजे दोघांनाही समजावून सांगायला तीच लायक आहेत. आपल्याकडं पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून एवढं रान उठतं, तिथं एका वाटेवर मराठी आणि कन्नड माणूस मागं-पुढं चालत एकाच झाडाची दोन्ही भाषांतली नावं पाठ करतोय हे मी बघितलंय आणि मला फार बरं वाटलं. ज्याला समजलं नाही त्याला शेजारच्यानं हळू सांगावं. तेवढं जमतं.

वनखात्याचं काय, असंही विचारतात. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे धरूनच चाला. पण सगळं रान अभयारण्यात नाही. गायरानं आहेत, तळी आहेत, देवराया आहेत, राकसकोप जलाशयाच्या बाजूचे डोंगर आहेत, ज्या मार्कंडेय नदीचं पाणी बेळगाव पितं तिचा काठ आहे. तिथं सुरवात करा, गावच्या पंचायतीला विचारून करा. चार गावांत दोन वर्षं नीट चाललं की खात्याकडं वाटाड्यांच्या ओळखपत्राची मागणी घेऊन जाता येईल, आणि तेव्हा आपल्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

शेवटी पोरांचं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजतात, नोव्हेंबरमध्ये 5 ते 12 तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांना धरून. बेळगावातल्या बऱ्याच इंग्रजी शाळांना या गोष्टी माहीत असतात. जांबोटीच्या पुढच्या सरकारी मराठी शाळेत पंचवीस पोरं, दोन मास्तर, त्यांच्याकडं यातलं काही पोचत नाही, सीमेच्या अलीकडं, कर्नाटकात असल्यामुळं महाराष्ट्राचा कार्यक्रम लागू नाही आणि इकडचा त्यांच्या भाषेत येत नाही. वर्षातनं एक फेरी त्यांच्यासाठी काढा, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा, आणि त्या दिवशी वाटाड्या म्हणून त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी आज्याला पैसे देऊन बोलवा, सगळ्या पोरांसमोर द्या. दोन जुन्या दुर्बिणी आणि एक पक्ष्यांचं मराठी पुस्तक शाळेत ठेवून या. गाडीभाड्याचा प्रश्नच नाही, पोरं तिथंच राहतात.